घरी शिकणाऱ्या मुलाची साक्ष

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच माणसं आज समोर बसली आहेत. बाईंविषयी बोलायचा अधिकार त्यांचा आहे. मी बोलणार आहे तो विषय मात्र बाईंच्या जिव्हाळ्याचा होता, असं संयोजकांनी सांगितलं. मूल शिकवायला घेण्याआधी मोठ्या माणसाने स्वतःशी काय ठरवून घ्यावं, हा तो विषय. आणि आजचा प्रसंग जरा वेगळा आहे. हे मोठं माणूस शिक्षक नाही, आई किंवा बाप आहे, आणि मूल शाळेत न जाता घरीच शिकणार आहे.

२०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या, तेव्हा घरोघरी मोबाइलवर वर्ग भरले. त्याला मी घरचं शिक्षण म्हणत नाही. ती शाळाच होती, फक्त भिंती आपल्या होत्या. पण त्या काळात अनेक पालकांनी आपलं मूल शिकताना पहिल्यांदा जवळून पाहिलं, आणि त्यांतल्या काहींच्या मनात प्रश्न उठला की हे आपणच का करू नये? शाळा बरी की घर बरं, हा वाद मी आज घालणार नाही. ज्यांनी घर निवडलं आहे, किंवा निवडायच्या बेतात आहेत, त्यांच्यासमोरचा पुढचा प्रश्न घेतो: धरायचं काय? मॉन्टेसरी, वॉल्डॉर्फ, शार्लट मेसन, नई तालीम, की मुलाला मोकळं सोडायचं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जे तत्त्वज्ञान तुम्हाला रोज मुलाकडे बघायला लावतं, आणि मुलाने विरुद्ध साक्ष दिली तर माघार घेण्याची वाट ठेवतं, ते धरावं. बाकीचं कितीही सुंदर असलं तरी ते पालकाच्या समाधानाचं साधन होतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकाचं कर्तव्य ठरवलं. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचं नावही त्यात नाही. चौथ्या कलमात एक उपयोगी तरतूद आहे: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. म्हणजे परतीचं दार उघडं आहे. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिथे चौदा वर्षं पूर्ण लागतात. आणि आपल्या राज्य बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा परीक्षेची वाट आहे. प्रश्न त्याआधीच्या आठ-दहा वर्षांचा आहे.

एक मूल डोळ्यांसमोर आणा. सात वर्षांचा मुलगा. विमानांचे प्रकार तोंडपाठ. गोष्ट ऐकायला तासभर मांडी घालून बसतो. वाचन मात्र ‘कमळ’, ‘बदक’ यांच्यापुढे सरकत नाही. वेलांटी-उकार आले, जोडाक्षर आलं की पुस्तक मिटतो आणि तहान लागली म्हणून उठतो. समोरच्या घरातली त्याच्याच वयाची मुलगी बसवरची पाटी घडाघडा वाचते. आजी दर दोन दिवसांनी विचारते, ‘अजून वाचत नाही का हा?’ आई आदल्या रात्री तीन पुस्तकं चाळून बसली आहे. आता सकाळचे नऊ वाजले आहेत. काय करायचं?

मॉन्टेसरीबाई म्हणतील, पुस्तक बाजूला ठेवा आणि हाताकडून सुरुवात करा. खरकागदाची अक्षरं त्याला बोटाने गिरवू द्या, तोंडाने उच्चार करू द्या. मग सुटी अक्षरं द्या. त्याच्या मनातला शब्द त्याने जुळवायचा. आधी लिहिणं येतं, वाचणं त्यातून उमलतं. याचं वय खरं तर तीन ते सहा, तेव्हा थोडा उशीर झालाच आहे, असंही त्या म्हणतील.

वॉल्डॉर्फ पद्धतीचे रुडॉल्फ स्टायनर म्हणतील, उशीर कसला? दुधाचे दात पडू लागले की अक्षरांची वेळ होते. आत्ता कुठे झाली आहे. रोज परीकथा सांगा, आणि कथेतल्या चित्रातूनच अक्षर निघू द्या. तोवर त्याने रंगवावं, गावं, पीठ मळावं.

शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिका वेगळंच सांगतील. धडा वीस मिनिटांच्या आतला ठेवा, आणि त्या वीस मिनिटांत लक्ष पूर्ण हवं. उत्तम लेखकाचं एक पान त्याला एकदाच वाचून दाखवा. दुसऱ्यांदा वाचायचं नाही. मग म्हणा, ‘आता तू सांग.’ मध्ये टोकू नका, प्रश्न विचारू नका. मधमाश्यांवरचं पान असेल तर तो कदाचित राणीमाशी विसरेल आणि पोळ्याचे षट्‌कोन मात्र बोटांनी हवेत काढून दाखवेल. त्याने जे सांगितलं ते त्याचं शिक्षण झालं. दुपारी बाहेर जा, एका झाडाकडे नीट पाहा, वहीत त्याचं पान काढा.

मुलाला मोकळं सोडा म्हणणारे जॉन होल्ट म्हणतील, आई, आधी आजीला समजवा. मुलगा गोष्टी ऐकतो आहे ना? वाचत राहा. त्याला वाचायचं कारण सापडलं की तो वाचेल. तुम्ही रोज चाचपून पाहिलंत तर भीती शिकेल. आणि गांधीजींच्या नई तालीमवाले विचारतील, हा मुलगा काम काय करतो? टकळीवर सूत काढत असेल, वाफ्यात मेथी लावत असेल, तर त्या कामाचा हिशेब आणि नोंद त्यानेच ठेवायची. लिहिण्या-वाचण्याची गरज कामातूनच उभी राहील.

मुलगा तोच, सकाळ तीच, उत्तरं पाच. त्यांपैकी प्रत्येक उत्तर मोठ्या अनुभवातून आलेलं आहे, कुणालाही हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून पुष्कळ पालक मधला मार्ग काढतात: सगळ्यांतलं चांगलं ते घेऊ. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ही भेळ नेहमी जमत नाही. मॉन्टेसरीबाईंना सहा वर्षांखालच्या मुलाच्या हाती खरी वस्तू आणि खरं जग हवं होतं. परीकथांविषयी त्या साशंक होत्या. स्टायनरांचा तर पायाच परीकथेवर. होल्टांकडे वेळापत्रक मुलाच्या कुतूहलाचं, मेसनबाईंकडे सवय आणि शिस्त ही शिक्षणाची मोठी अंगं. सकाळी एकाचं, संध्याकाळी दुसऱ्याचं असं केलं की मुलाला एवढंच कळतं की मोठ्या माणसांचं काही ठरलेलं नाही. साधनं पाच जणांकडून घ्या, काही हरकत नाही. पण अडचणीच्या सकाळी निकाल कुणाचा मानायचा, ते एकच असावं लागतं. तत्त्वज्ञान निवडणं म्हणजे हा निकाल देणारा निवडणं.

निवडण्याआधी आणखी एक गोष्ट बघायला हवी, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. यांतली बहुतेक तत्त्वज्ञानं घरासाठी जन्मलेलीच नाहीत. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झालं. कष्टकऱ्यांची मुलं, वेगवेगळ्या वयांची, एका खोलीत. मोठं मूल लहानाला दाखवतं, ही त्या पद्धतीतली अर्धी शक्ती. स्टायनरांची शाळा १९१९ मध्ये स्टुटगार्टच्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. नई तालीम ऑक्टोबर १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून आली, ती गावच्या शाळेसाठी. घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं ते मेसनबाईंनी, १८८६ च्या ‘होम एज्युकेशन’मध्ये. पण ते घरही कसलं, तर मुलांना शिकवायला गव्हर्नेस ठेवणाऱ्या इंग्लिश मध्यमवर्गाचं. होल्ट आधी शाळाच सुधारायला निघाले होते. तिथला भ्रमनिरास झाल्यावर १९७७ मध्ये त्यांनी शाळेशिवाय वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक काढलं.

तेव्हा तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकुलत्या एका मुलासाठी मॉन्टेसरीची महागडी साधनं मांडली, की साधनं आली आणि इतर मुलं राहिली. मेसनबाईंचा दिनक्रम उचलला, की गव्हर्नेसचं काम कुणाच्या अंगावर पडतं? आपल्याकडे ‘आम्ही मुलीला घरी शिकवतो’ या वाक्यातला ‘आम्ही’ बहुधा एकटी आई असते. तिने नोकरी सोडलेली असते, किंवा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं आणि भागाकार एकाच वेळी सांभाळत असते. आईच्या दिवसाचा हिशेब ज्यात बसत नाही, ते तत्त्वज्ञान त्या घराचं नव्हे. वडील आठवड्यातले कोणते तास देणार, हे ठरल्याशिवाय पुस्तकं मागवू नयेत.

वेळेचा हा मुद्दा मी हलक्याने घेत नाही, कारण त्याचा मोठा दाखला आपल्या इतिहासात आहे. जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी दरबानला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर तीन मुलं होती: दहा वर्षांचा भाचा, आणि नऊ व पाच वर्षांची स्वतःची मुलं. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानीने प्रवेश मिळाला असता; तो त्यांना नको होता, कारण इतर हिंदी मुलांना तो मिळत नव्हता. मिशनची शाळाही पटेना. महिना सात पौंडांवर एक इंग्लिश बाई ठेवली, तीही पटली नाही. राहिले ते स्वतः. मुलांशी गुजरातीतच बोलायचं, आईबापांजवळ राहून जे मिळतं ते वसतिगृहात मिळत नाही, स्वातंत्र्य आणि स्वाभिमान हे अक्षरज्ञानाहून मोठे: तत्त्वज्ञान स्वच्छ होतं, उसनं नव्हतं. कमी पडला तो वेळ. पुढे जोहान्सबर्गला कचेरीत पायी जाता-येता मुलांना सोबत घेऊन ते शिकवत. आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं आहे की रोज एक तास जरी नेमाने देता आला असता तर हे शिक्षण आदर्श झालं असतं. ते झालं नाही, याची खंत मुलांना आहे आणि त्यांनाही आहे.

थोरल्या हरिलालची तर खंत नव्हती, तक्रार होती. १९११ मध्ये तो घर सोडून निघाला आणि मॅट्रिक व्हायचं म्हणून अहमदाबादला आला. त्याच्या पुढच्या आयुष्याची कारणं अनेक आहेत, सगळं खापर एका निर्णयावर फोडणं अन्यायाचं होईल. पण एवढं खरं की मुलगा काही मागत होता, आणि वडिलांच्या तत्त्वज्ञानात त्या मागणीला ‘मोह’ यापलीकडे नाव नव्हतं. तत्त्वज्ञान उदात्त असूनही मुलाची साक्ष आत येत नाही, ती अशी. दरबानपासून वर्ध्याच्या परिषदेपर्यंत चाळीस वर्षं जातात. नई तालीम वाचताना तिच्यामागे हे घरही आहे, हे विसरू नये.

दुसरं घर आपल्या जवळचं. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचं ठरवलं. भोवतालच्या समाजाला ते सहन होईना, तेव्हा ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. मुलीला आईने शिकवलं, तेही बरंचसं तीर्थयात्रेच्या वाटेवर. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. शाळा नाही, इयत्ता नाही. बाईने शास्त्र शिकावं हे त्या काळी बंड होतं, आणि त्या बंडाचं फळ १८७८ मध्ये कलकत्त्याने पाहिलं. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पण याच शिक्षणात पोटापाण्याचं काही नव्हतं. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, आणि भाऊ-बहीण पायी हिंडत राहिले. रमाबाई पुढे १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांनी कशाचं प्रशिक्षण घेतलं? फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचं. पाठांतरावर वाढलेली ही पंडिता खेळातून आणि हाताने शिकणं शिकून आली, आणि १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन काढलं. वडिलांनी दिलेलं त्यांनी टाकून दिलं नाही, त्यांच्या शिक्षणात जे नव्हतं ते भरून काढलं. वडिलांच्या तत्त्वज्ञानाची याहून प्रामाणिक परीक्षा कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही.

तिसरं उदाहरण साक्ष ऐकणाऱ्यांचं. गिजुभाई बधेका पेशाने वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं या विवंचनेतून ते मॉन्टेसरीच्या पुस्तकापर्यंत आले, आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभं राहिलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाई जून १९३९ मध्ये गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मॉन्टेसरीबाई अड्यारला आल्या. म्हणजे भावनगरला जे झालं ते मॉन्टेसरीबाईंच्या देखरेखीखाली झालं नाही. पुस्तक आणि समोरची मुलं एवढ्यावर झालं.

खरी कसोटी पुढे लागली. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. शिस्तप्रिय अनुयायाने म्हटलं असतं, पालक अडाणी आहेत. ताराबाईंनी न येण्यालाच उत्तर मानलं. बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथे आधी आंघोळ, नखं, केस विंचरणं, मग गाणी. महागड्या साधनांच्या जागी शिंपल्या, खडे, बिया, पानं आली. चिंचोके मोजता येतात, लहान-मोठे लावता येतात, त्यांची नक्षी मांडता येते. गुरं राखणारी मुलं तरीही येत नव्हती, तर शाळा कुरणात गेली. इंद्रियांनी शिकणं, हाताने शिकणं, मुलाला निवड असणं, हा मॉन्टेसरीचा गाभा जागचा हलला नाही. बाकी सगळं बदललं. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्या कल्पनेचं मूळ ‘आम्ही येत नाही’ या मुलांच्या साक्षीत आहे.

आता कुणी म्हणेल, मुलाने ‘नको’ म्हटलं की सोडून द्यायचं का? तसं मी म्हणत नाही. सात वर्षांच्या मुलाचं ‘नको’ पुष्कळदा भुकेचं असतं, झोपेचं असतं. साक्ष म्हणजे लहर नव्हे. साक्ष महिन्या-दोन महिन्यांच्या नोंदीत दिसते. म्हणून घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाला मी एक साधी वही सुचवतो. मुलाने न सांगता काय केलं, कुठे अडलं, घराबाहेरच्या कुणाशी बोललं, एवढंच रात्री चार ओळींत लिहायचं. ‘आज हुशारीने केलं’ असले शेरे नकोत. ‘पाव किलोच्या वजनात आणखी किती टाकलं की किलो होतं, ते भाजीवाल्याला विचारलं’ अशी नोंद हवी. दोन महिन्यांनी वही नवरा-बायकोने मिळून वाचायची. आपल्या त्या वेलांटीवर अडणाऱ्या मुलाच्या वहीत कदाचित दिसेल की तो विमानांच्या चित्राखालची नावं ओळखतो, म्हणजे थांबायला हरकत नाही. किंवा दिसेल की तो प्रत्येक छापील पानापासून पळतो, डोळे चोळतो, ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळतो. मग होल्टांचा धीर बाजूला ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि वाचनातल्या अडचणी जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे जायला हवं. आपल्या तत्त्वज्ञानाला हे चालत नसेल, तर तत्त्वज्ञान चुकलं.

निवडताना आणखी एक प्रश्न मी सगळ्यांत अवघड मानतो: यात माझं मूल कुणाला भेटणार? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात ते केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात. ज्यांना शाळेच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी तो उंबरा लढून मोकळा झाला. आज आपण तो आपल्या मर्जीने ओलांडून बाहेर येतो, तेव्हा निदान एवढं ओळखावं की शाळेत पुस्तकाखेरीज आणखी एक गोष्ट मिळते: आपल्यासारखी नसलेली मुलं. घरी शिकणाऱ्या मुलांचे गट असतात, ते बरे असतात. पण त्यात बहुधा आपल्याच उत्पन्नाची, आपल्याच बोलीची मुलं जमतात. मग वस्तीतलं मैदान, सार्वजनिक वाचनालय, नाटकाचं शिबिर, मामाच्या गावातला सुताराचा वाडा, हे वेळापत्रकात गणिताइतकं पक्कं लिहावं लागेल. ज्या तत्त्वज्ञानात ‘इतर’ नाहीत ते घरात आणू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शेवटी करायचं काय, ते सांगतो. एक कोरं पान घ्या. मूल कसं शिकतं असं आपण मानतो, ते स्वतःच्या भाषेत लिहा. मॉन्टेसरी किंवा मेसन यांची नावं न घेता. त्याखाली लिहा, काय दिसलं तर आपण आपलं मत बदलू. त्याखाली, शाळेत परत जावंसं मुलाला वाटलं तर ते आपल्याला कसं सांगू शकेल. हा तिसरा भाग रिकामा राहिला, तर अजून काही ठरवू नका. तो भरता आला, तर पाचांपैकी कुठलंही नाव तुमच्या घरात नांदेल. मूल दहा वर्षांचं झालं की ते पान त्याच्या हाती द्या आणि पेन्सिलही द्या. त्याने त्यात खाडाखोड केली, तर रागवू नका. तुमचं शिक्षण लागू पडलं, असं समजा.